हापूसची अंघोळ आणि हार्लेचा धूर

हापूस एकाच बागेतला असला, तरी त्याचे हाल कसे करायचे हे तो कुठल्या देशात निघाला आहे त्यावर ठरते. अमेरिकेसाठी गॅमा किरण, किमान ४०० ग्रे. जपानला वाफ लागते. युरोपला ४८ अंशांच्या पाण्यात तासभर अंघोळ घातलेला हवा. कीड तीच, पण प्रायश्चित्त दर यजमानाचे निराळे.

२००७ मध्ये अमेरिकेने हापूसला दार उघडले. त्याच सुमारास आपल्या धूरविषयक नियमांत न बसणाऱ्या हार्ले-डेव्हिडसनलाही वाट मिळाली. ८०० सीसी आणि त्यावरच्या मोटारसायकलींना युरो-३ चालेल, असे आपण ठरवले. भरमसाट आयात कर तेवढा शाबूत ठेवला. कोयीतला भुंगा आणि सायलेन्सरमधला धूर एकाच टेबलावर इतके निरुपद्रवी कसे झाले, हे विज्ञानाला विचारू नये.

२०१४ च्या १ मेपासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपने आंबा अडवला. सोबत कारले, पडवळ, वांगी, अळूही. त्या खेपांत फळमाशी खरोखरच सापडली होती, हे आपल्याकडच्या निषेधाच्या पत्रकांत जरा बारीक अक्षरांत होते.

आणि आपण? १ जानेवारी २०२१ पासून परदेशी खेळण्यांनाही आयएसआय चिन्ह हवे. त्यासाठी आपला अधिकारी तिकडच्या कारखान्यात जाऊन तपासणी करणार. कधी? अहो, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, घाई करून कसे चालेल!