दुधावाचून दोनशे किलोमीटर

सायकल हे गरिबाचे वाहन आणि दूध हे श्रीमंताचे अन्न, अशी आमच्या लहानपणी राजुऱ्यात सर्वसाधारण समजूत होती; परंतु काळाची गती अशी विचित्र, की हल्ली मोटारसायकलीच्या किमतीची सायकल घेणारा एक सधन तरुणवर्ग निर्माण झाला असून, त्यांतील काही जण मांस, मासळी, अंडी यांबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध या समस्त पदार्थांचा स्वखुशीने त्याग करून उरलेल्या अन्नावर शेकडो किलोमीटर सायकल हाकण्याची प्रतिज्ञा करतात. अशा व्रतस्थांस व्हीगन म्हणतात, आणि त्यांपैकी एक आमच्या सख्ख्या भगिनीच्या पोटी जन्मास आला आहे.

भाचेबुवांचे ध्येय ‘सुपर रँडोनर’ ही पदवी संपादन करण्याचे आहे. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या चार फेऱ्या, अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांच्या मुदतीत, ज्याने पुऱ्या केल्या त्यास ती मिळते. या फेऱ्यांना सायकलवाले ‘बीआरएम’ म्हणतात. त्यांचे मूळ पीठ फ्रान्सात असून, १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरांची यात्रा आता दर चार वर्षांनी भरते व ती नव्वद तासांत पुरी करावी लागते. आमच्या मुलखाला हे वेड अगदीच परके आहे असे मात्र नव्हे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ साली तरुणांचा सायकल-ताफा कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेला होता, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत एकट्याने पार केला. तेव्हा राजुऱ्याहून गडचिरोलीस जाऊन परत येणे, म्हणजे दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर, ही भाचेबुवांच्या लेखी केवळ रंगीत तालीम होती.

या तालमीत आमची नेमणूक झाली ती शिक्केदार म्हणून. बीआरएमचा जाबता असा, की स्वाराने आपला भार आपणच वाहावा, ठरलेल्या ठाण्यांवर वेळ नोंदवून कार्डावर शिक्का घ्यावा, आणि मदतीच्या गाडीने ठाण्याखेरीज वाटेत कोठेही त्याच्या मुखात पाण्याचा थेंब पडू देऊ नये. तहसिलीत शिक्के मारण्यातच उमेदीची वर्षे गेलेल्या आम्हांस हे काम जमणारे होते. शिवाय दोन ठाण्यांच्या दरम्यान आमच्या स्वतःच्या खाण्यापिण्यावर कोणताही निर्बंध नव्हता, ही कलमे वाचतानाच आमच्या लक्षात आलेली बाब होय.

आदल्या रात्री भगिनींच्या स्वयंपाकघरात रसद तयार होत होती. ताशी साठ ग्रॅम पिष्टमय किंवा साखरेचे अन्न पोटात गेले नाही, तर स्नायूंतील साठा काही तासांत संपून स्वार रस्त्याच्या कडेला बसतो, असे शास्त्र भाचेबुवांनी विशद केले. त्यावर भगिनींनी एका जाड भाकरीत तेवढे सहज असते असा हिशेब करून ज्वारीचे पीठ मळावयास घेतले. भाकऱ्या, जवसाची चटणी, तुपाचे बोट न लावता वळलेले शेंगदाणे-गुळाचे लाडू, मिठाच्या पाण्यात उकडलेली रताळी, केळी आणि चिंच-गुळाच्या पाण्याच्या बाटल्या, अशी ती फेहरिस्त होती. सोयाबीनचे दूधही काढले होते. ज्या शेजाऱ्याच्या शेतातले ते सोयाबीन, तो पेला हातात धरून बराच वेळ न्याहाळत राहिला आणि म्हणाला, “येवढे वर्स पेरलं जी, पन पिऊन नाई पायलं.” प्यायल्यावर त्याने पेला काही न बोलता खाली ठेवला आणि पुढील हंगामातही आपण ते पेरूच, विकण्यासाठी, असा निर्वाळा दिला. एवढ्या सरंजामात बाहेरची वस्तू एकच होती: ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी. हे सत्त्व वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही, सबब व्रतस्थाने ती गोळी घेतलीच पाहिजे, हे भाचेबुवा स्वतःच मान्य करतात.

व्रताची खरी कसोटी मात्र मुखाशी नव्हे, तर त्याच्या विरुद्ध टोकाशी होती. दूरच्या पल्ल्याचे सायकलस्वार पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडातील ब्रुक्स या १८६६ पासूनच्या पेढीच्या चामडी बैठकीस भजत आले आहेत, कारण ते चामडे कालांतराने बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे वळते. परंतु चामडे म्हणजे जनावर. म्हणून भाचेबुवांनी कृत्रिम द्रव्याची बैठक बसविली होती, जी कोणाच्याही अंगाप्रमाणे वळत नाही. तत्त्वासाठी सोसणारे पुष्कळ पाहिले, पण तत्त्वावर प्रत्यक्ष तेरा तास बसणारा हाच.

पौषातल्या थंडीत पहाटे सहाला शिक्का मारून आम्ही प्रस्थान ठेवविले. वर्धा नदीचा पूल ओलांडताना आमच्या वयाच्या माणसास वडिलांचे बोलणे आठवल्यावाचून राहत नाही: अलीकडचा काठ निजामाचा, पलीकडचा इंग्रजांचा. १९४८ पर्यंत राजुरा हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यास जोडले गेले. इतक्या अंमलांची दप्तरे पाहिलेल्या गावास भाचेबुवांचे नवे फर्मान मानणे जड जाऊ नये. पुलापुढे कोळशाच्या ट्रकांची रांग आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीचा परिचित दर्प लागला. चंद्रपुरास पोचेपर्यंत भाचेबुवांच्या चेहऱ्यावर कोळशाची अशी पुटे चढली, की जटपुरा दरवाज्याशी त्यांचे कार्ड तपासताना स्वाराची ओळख पटवून घेण्याचा विचार आमच्या मनात क्षणभर येऊन गेला.

तेथील टपरीवर या प्रवासातला पहिला कायदेशीर पेच उद्भवला. भाचेबुवांनी बिनदुधाचा चहा स्पष्ट शब्दांत मागितला होता, तरी पेल्यात आला तो गोरापान. “दूध टाकलं का?” असे विचारता टपरीवाला दुखावल्या स्वरात म्हणाला, “नाई जी, दूध कायले टाकू? पावडर टाकली.” पावडर दुधाचीच असते हा युक्तिवाद त्याने ऐकून घेतला, पण मान्य केला नाही, त्याच्या मते दूध म्हणजे जे नासते ते, आणि पावडर नासत नाही. तो पेला शिक्केदाराच्या वाट्यास आला. आम्ही दोन घेतले. शेजारच्या बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता, परंतु त्या ठिपक्यास दुधाचे वावडे नाही, म्हणून भाचेबुवा चष्मा सरकवून घटकांची बारीक अक्षरे एखाद्या जुन्या खरेदीखताप्रमाणे वाचू लागले. सरकारने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम काढले आहेत खरे. ते अद्याप टपरीपर्यंत पोचलेले नाहीत.

चंद्रपूर सोडले की मूलच्या वाटेवर घनदाट जंगल लागते. या जिल्ह्यात वाघांची संख्या पुष्कळ, आणि वाघास निर्दुग्ध मनुष्य वर्ज्य असल्याचे कोणत्याही प्राणिशास्त्रात नमूद नाही. वाटेत साह्य निषिद्ध असल्याने आम्ही आमची स्कूटर पुढे काढली व चिचपल्लीच्या एका हॉटेलात आलुबोंडा खात भाच्याच्या सुरक्षेची चिंता केली. तो तेथून शांतपणे पसार झाला. रताळे खात होता.

मूल येथे आमच्या आप्तांकडे ठाणे होते, आणि जे वाघास साधले नाही ते तेथील आजींनी साधले. मूलपाशी ज्वारीचा मुलूख सरून धानाचा सुरू होतो. त्यामुळे पानात भात, त्यावर तुरीचे वरण, बाजूस अंबाडीची भाजी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा, असा थाट होता. एवढे सारे व्रतास मानवणारे. पण आजी तुपाची वाटी व पळी घेऊन उभ्या राहिल्या. भाचेबुवांनी पानावर आडवा हात धरला. आजींनी पळी तशीच अधांतरी ठेवून विचारले, “दूध नाई, तूप नाई, ताक नाई; तब्येत बरी नाई का जी पोराची?” तब्येत बरी आहे, दोनशे किलोमीटर सायकल मारतो आहे, असे आम्ही सांगितले. त्यावर त्यांची खात्रीच पटली. “मंग घरी काई भांडण झालं असन,” असे त्या म्हणाल्या आणि ती पळी आमच्या भातावर रिती झाली. पाहुण्याच्या भातावर तूप न पडणे हा यजमानाच्या अब्रूचा प्रश्न असतो, आणि अब्रू वाचविण्याचे कर्तव्य त्या दिवशी आम्ही दोनदा बजावले.

पुढे सावली लागते. याच गावी १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले असता महात्माजी आले होते, आणि भाचेबुवांच्या पंथाचे ते एका अर्थी पूर्वसूरीच. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध वर्ज्य केले. पुढे १९१८-१९ च्या दुखण्यात प्रकृती खालावली, तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे होते, शेळीचे चालावे. ते त्यांनी स्वीकारले, आणि व्रताचा शब्द राखला गेला तरी आत्मा राखला गेला नाही ही रुखरुख आत्मचरित्रात लिहून ठेवली. सायकलवाल्यांतही तेच: डेव्हिड झाब्रिस्की या अमेरिकन सायकलपटूने २०११ ची टूर द फ्रान्स शर्यत भाचेबुवांच्याच व्रताने आरंभिली. त्यानेही थोड्या सामन मासळीची सवलत आपल्यापुरती ठेवली होती. थोर व्रतांस शेळी जाईल एवढे दार असतेच, असा निष्कर्ष आम्ही वैनगंगेच्या पुलावर काढला आणि भाचेबुवांचे दार कोणते, याचा शोध घेण्याचे ठरविले.

गडचिरोलीत शिक्का मारताना त्यांना लाखोळीच्या डाळीचे वडे देऊ केले. धानाच्या बांधीत, ओलाव्यावर आपोआप वाढणारे हे पीक. त्यात दूध नाही, तूप नाही. पण भाचेबुवांचा अभ्यास येथेही पुरा होता: महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. एखाद-दुसऱ्या वड्याने काही होत नाही हे ठाऊक असूनही, ज्या अन्नाचे वैर नेमके पायांशी आहे ते सायकलस्वाराने फेरीत खाऊ नये, असा विवेक करून त्यांनी शिदोरीतली भाकरीच काढली. वडे उत्तम होते.

परतीच्या वाटेवर सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि हीच त्या भाकरीची थोरवी. दिवस असतानाच त्यांनी जंगल ओलांडले आणि मुदत सरण्यापूर्वी ते राजुऱ्यास दाखल झाले. कार्डावरचे सर्व शिक्के आमच्या हातचे आहेत. दार काही सापडले नाही. त्याची गरजच पडली नाही, कारण ज्वारी, तूर, जवस, शेंगदाणा, गूळ आणि अंबाडी हे या मुलखाच्या गरिबाचे रोजचे जेवण मुळातच जवळजवळ निर्दुग्ध आहे, आणि त्यावर माणसे वर्षानुवर्षे सायकलीपेक्षा कष्टाची कामे करीत आली आहेत.

सबब, या वाटेने निघू पाहणाऱ्या व्रतस्थ वाचकांस आमची शिफारस एवढीच: महागड्या पुड्यांवर पैसा घालवू नका, शिदोरीत भाकरी आणि जवसाची चटणी बांधा, ब-१२ ची गोळी चुकवू नका, आणि टपरीवर चहा सांगताना “दूध नको” एवढ्यावर न थांबता “पावडरही नको” हे आधीच बजावा. तूप खाणारा एक मामा मात्र जरूर बरोबर घ्या. त्यावाचून मूलच्या पुढे जाणे कठीण आहे.