जगऱ्याचा मानकरी

शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला की सगळ्यांच्या आधी एक माणूस हजर असतो. बाया कणिक भिजवत असतात, पोट्टे विहिरीत डोकावून आपल्याच नावाने हाका मारत असतात, कुणी वांगी चिरायला जागा शोधत असतं. हा मात्र बांधावर उभा राहून, डोळे बारीक करून वारा कुठून येतो ते बघतो. मग दुपट्टा कमरेला आवळतो, गोवऱ्यांच्या ढिगाला एक प्रदक्षिणा घालतो आणि विचारतो, "आगपेटी कोनापाशी हाये?"

चाळीस वर्षं जगरा पेटवत आलेल्या या माणसाजवळ स्वतःची आगपेटी कधीच नसते. मोठा सर्जन काही कैची खिशात घालून फिरत नाही, तसंच हे. ती दुसऱ्याने हातात द्यायची असते आणि देताना चार माणसं बघत असायला हवीत.

वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं. रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेच्या तीन-चार लहान पुऱ्या, मध्ये तेलाचं बोट फिरवून एकावर एक ठेवलेल्या आणि वरून आणखी एका पुरीत गुंडाळून गोळा वळलेल्या. तो भाजायला तवा लागत नाही, चूलही लागत नाही. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, जाळ पुरता ओसरू द्यायचा आणि लाल विस्तवावर रोडगे मांडायचे. हा गोवऱ्यांचा विस्तव म्हणजे जगरा. धूर असताना रोडगा टाकला तर त्याला धुराची कडवट चव येते. जाळ असताना टाकला तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणिक. म्हणजे जगरा एकदा पेटला की माणसाने करायचं काम एकच उरतं, काही न करणं. आमच्या मानकऱ्याला नेमकं तेवढंच जमत नाही.

तो काडीने गोवरी उचलून खाली बघतो. बघितल्यावर ती दुसरीकडे ठेवतो. ठेवल्यावर तिथली पहिली गोवरी त्याला खुपायला लागते. वारा पडला की सूप मागतो, वारा सुटला की "आडोसा करा ना बे कोनी" म्हणून चार पोट्ट्यांना उन्हात उभं करतो. जगरा धरला तर श्रेय त्याचं. नाही धरला तर गोवऱ्या ओल्या. गोवऱ्या कोरड्या निघाल्या तर पऱ्हाटी ओली, पऱ्हाटीही कोरडी निघाली तर ज्याने आगपेटी दिली तो पोट्टा पांढऱ्या पायाचा. आमच्याकडे इंगळे आडनावाची घरं गावोगाव आहेत. पण खरा इंगळ कसा करायचा हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, याबद्दल ह्या माणसाला, त्याचं आडनाव काहीही असो, तिळमात्र शंका नसते.

असा माणूस दर घरात एक असतो. आमच्या घरात दोन निघाले, ही आमची अडचण.

पहिले मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अमरावतीत गणित शिकवून निवृत्त झाले. ते गोवऱ्या उभ्या रचतात, एकमेकींना टेकवून, मधे पोकळी ठेवून. पोकळीत तुराट्यांचे तुकडे, वर पऱ्हाटी. रचून झालं की दोन पावलं मागे सरून बघतात आणि एक गोवरी अर्ध्या बोटाने सरकवतात. शिवाय त्यांना आयुर्वेदाचा नाद. भस्म करणारे वैद्य गजपुट लावताना खड्ड्यात खाली हजार आणि वर पाचशे रानगोवऱ्या घालतात, हे ते दर रोडग्यांना सांगतात. रोडगे पन्नास असतात, गोवऱ्या दोन टोपली. तरी सांगतात.

दुसरे आमचे भाटवे, माझ्या बहिणीचे यजमान. अकोल्यात सरकी-ढेपेचा धंदा. त्यांची रीत आडवी. गोवऱ्यांचा पसरट थर, त्यावर दुसरा थर, आणि चारी बाजूंनी एकदम पेटवायचं. त्यांचे आजोबा म्हणे शकुंतलेवर फायरमन होते. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या वाफेवर चालायची. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. "आमच्या रक्तातच इस्तो हाये," असं भाटवे म्हणतात. त्या गाडीची चाल पाहिलेली माणसं अजून आहेत, ती यावर काही बोलत नाहीत.

आता एक सासरचा वडीलधारा, दुसरा घरचा जावई. भांडायची सोय नाही. त्यामुळे आमच्याकडचा जगरा अतिशय अदबीने विझतो.

"जवाईबुवा, तुमचं बरोबरच हाये. पन तिकून हवा कोठून जाईन?"

"मामाजी, तुम्ही म्हन्ता तसंच करू. फक्त येवढी एक गोवरी आडवी करतो."

"करा ना. मी काई म्हनलं काय?"

एक गोवरी आडवी होते. पाच मिनिटांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून मोठेबाबा ती उभी करतात. मग भाटवे पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडून येतात. तासाभरात आमचं जगऱ्याचं बांधकाम इतक्या वेळा बदललेलं असतं की विस्तवाला नेमकं कुठून लागावं हेच समजत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात विक्रम झाला. त्याच रस्त्याला लागून, मूर्तिजापूरच्या अलीकडे, आमचं वावर आहे. रोलर पुढे सरकत होते आणि इकडे आमचे दोन गृहस्थ पहिल्या टोपलीवर चर्चा करत होते.

यात्रेला नेलं तर आणखी पंचाईत. चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते ती महिनाभर चालते. राहुट्या पडतात, गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या हंड्या चढतात, मटण शिजतं, शेजारी रोडगे फुलतात. थंडीत संध्याकाळी तिथे उतरलं की वासानेच माणूस अर्धा जेवतो. आमचे दोघे मात्र देवाला हात जोडून आले की राहुट्या तपासत निघतात. अनोळखी माणसाच्या जगऱ्यापाशी थांबायचं, मान तिरपी करायची, "च्च" असा आवाज करायचा आणि पुढे जायचं. एकदा एकाने विचारलंच, "काऊन भाऊ, काई चुकलं काय?" मोठेबाबांनी त्याला गजपुट समजावून सांगितलं. त्याची हंडी लागली.

या सगळ्यात मोठीआईचा, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोचा, उल्लेख राहून गेला. तो नेहमीच राहून जातो. गॅस येईपर्यंत तिने रोज पहाटे चूल पेटवली. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाटीवर, बाळंतपणानंतर महिन्याभराने, सासऱ्यांच्या तेराव्याला दीडशे माणसांसाठी. वारा कुठून येतो ते कधी कुणाला विचारलं नाही. प्रदक्षिणा घातली नाही. घराबाहेर, वर्षातून दोनदा, पुरुषाने पेटवला तर तो जगरा आणि त्याला मानकरी. घरात, रोज, बाईने पेटवली तर ती चूल. मी हे एकदा मोठेबाबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "चुलीचं काय येवढं? ते तर कोनीबी पेटवते."

तर गेल्या दिवाळीत भाच्याने पुण्याहून अंडं पाठवलं.

अंडंच म्हणायचं त्याला. जाड सिरॅमिकचं, हिरवं, कमरेइतकं उंच, लोखंडी पायांवर उभं, मधोमध कापून वरच्या भागाला बिजागरी लावलेलं. टेम्पोतून उतरवायला चार गडी लागले. खाली हवेसाठी सरकती खिडकी, वर टोपी, टोपीला फिरवायची झडप, कपाळावर उष्णतेचं घड्याळ. भाचा फोनवर म्हणाला, याला कामाडो म्हणतात. जपानात कामाडो म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे असलेल्या अमेरिकन सैनिकांना भात शिजवायच्या गोल मातीच्या चुली आवडल्या, त्यांनी त्या घरी नेल्या, त्यात मांस भाजायला लागले, आणि पुढे मातीच्या जागी टिकाऊ सिरॅमिक आलं.

"म्हंजे चूलच ना बाप्पा," भाटवे निराश होऊन म्हणाले.

भाच्याने सूचना पाठवल्या होत्या. लाकडी कोळसाच घाला. रॉकेल अजिबात नको, भिंतीत वास मुरतो. मधोमध एकाच जागी पेटवा. दहाएक मिनिटं झाकण उघडं ठेवा, मग बंद करा आणि दूर व्हा. जितकी हवा आत जाईल तितकीच आग होईल. खालची खिडकी आणि वरची झडप, याशिवाय कशालाही हात लावू नका. एकदा भट्टी जास्त तापली की तासन्‌तास निवत नाही, म्हणून आधीच खिडकी बारीक करा. आणि झाकण उघडताना आधी दोन बोटं उचला, थांबा, मग उघडा.

दोघांनी हे मोठ्याने वाचलं. "दूर व्हा" पाशी दोघेही थांबले. एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला. मोठेबाबांनी तो आत उभा रचला. भाटव्यांनी पाच ठिकाणी पेटवला, कारण एका जागी पेटवणं म्हणजे देवळात उदबत्ती लावणं. मग ते खिडकीपाशी उकिडवे बसून सुपाने वारा घालायला लागले. आमच्या साध्या जगऱ्यात हा वारा इकडेतिकडे निघून जातो. इथे त्याला जायला एकच वाट होती. घड्याळाचा काटा दोनशेवर गेला, तीनशेवर गेला, मग आकडे संपले तिथे जाऊन टेकला. भाचा व्हिडिओ कॉलवर ओरडत होता, "बाबा, हवा बंद करा!" भाटव्यांनी खिडकी खाडकन लावली, मोठेबाबांनी झडप फिरवली.

सगळं शांत झालं. धूर नाही, आवाज नाही, ठिणगी नाही. पाच मिनिटं गेली. मानकऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

"इझलं वाटते," भाटवे म्हणाले.

"इझलंच," मोठेबाबा म्हणाले. "पाहा लागते."

आणि भाटव्यांनी झाकण एका झटक्यात उघडलं. हवेला तरसलेल्या कोळशाला एकदम हवा मिळाली. भक्ककन भडका वर आला, क्षणभर राहिला आणि गेला. तो गेला तेव्हा भाटव्यांची डावी मिशी सोबत घेऊन गेला. उजवी जशीच्या तशी होती, त्यामुळे ते अर्धे अकोल्याचे व्यापारी आणि अर्धे कॉलेजातले पोट्टे दिसायला लागले. पोट्टे हसले. बहीण हसली नाही, पण पदर तोंडाला लावून विहिरीकडे निघून गेली.

मग त्यांना खाटेवर बसवणं, कुणीतरी टूथपेस्ट आणा म्हणणं, कुणीतरी टूथपेस्ट लावू नये म्हणणं, यात पाऊण तास गेला. मोठेबाबा त्यांच्या उशाशी बसून वारा घालत होते. त्याच सुपाने.

या गडबडीत मोठीआई उठली. तिने झाकण लावलं. खिडकी बोटभर ठेवली, झडप जराशी. मग तुरीच्या शेंगा सोलत बसली. अधूनमधून हाताचा मागचा भाग झाकणाजवळ नेऊन बघायची. घड्याळाकडे तिने पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने तिला पटलं, तेव्हा झाकण हळूच किलकिलं केलं, थांबली, उघडलं, जाळीवर रोडगे मांडले आणि पुन्हा लावून टाकलं. सूचना तिला कुणी वाचून दाखवल्या नव्हत्या.

रोडगे सगळीकडून सारखे, बदामी निघाले. मुठीत दाबले की पदर सुटायचे. तुपात बुडवले, वांग्याची भाजी वाढली. मोठेबाबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले.

"भाजले बरे," ते म्हणाले. "पन राखेची चव नाई."

"धुराचा वास नाई," खाटेवरून भाटवे म्हणाले. "रोडगा नाई वाटत, बिस्कुट वाटते."

दोघांनी सात-सात खाल्ले.

ते अंडं अजून वावरातच आहे, कोठ्याच्या आडोशाला. या पावसाळ्यात आमच्या लक्षात आलं की त्याचं झाकण गच्च बसतं, आत थेंब जात नाही. आता मोठेबाबा त्यात रानगोवऱ्या ठेवतात, उभ्या. वर भाटवे अकोल्याहून आले की एक थर ठेवतात, आडवा.

परवा भाच्याचा फोन आला. "मोठेबाबा, कामाडो वापरता ना? की नुसतंच पडलंय?"

"अरे, पडलं कायले राहीन?" मोठेबाबा म्हणाले. "त्याच्याबिगर आमचा जगराच पेटत नाई."