एअर, कॉइलओव्हर की आणखी एक पाटा?

टाटामोबाइल 1988 साली आली. आता तशा जुन्या पिकअपला ‘क्लासिक’ म्हणायचे आणि एअर सस्पेन्शन घ्यावे की कॉइलओव्हर, यावर रात्री जागवायच्या. एअरमध्ये कॉम्प्रेसर फुगे भरतो, उंची बटणावर. कॉइलओव्हरमध्ये शॉकॲब्सॉर्बरभोवती स्प्रिंग, उंची पान्यावर.

शिरूरहून न्हावरामार्गे केडगावच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला हा पेच पडत नाही. तो गॅरेजवाल्याला एवढेच सांगतो, “मागं अजून एक पाटा टाक.” मग गोण्या हौद्याच्या वर, बोनेट आभाळाकडे आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. उंची बदलायला ना बटण लागते, ना पाना!

फक्त पाटा वाढला म्हणून आरसी बुकातले वजन वाढत नाही.