पंत जेवायला येतात

प्रत्येक कंपूत एक पंत असतात. आडनाव काहीही असो, शाळेत त्याला सगळे बंड्या म्हणत असोत. माणूस चष्म्याच्या वरून बघायला लागला की आपोआप पंत होतो. आमचे पंत बँकेत आहेत, कोथरूडला राहतात आणि शनिवारी रात्री आमच्याबरोबर बाहेर जेवायला येतात. जेवायला हे आपलं नावाला. येतात ते माणसं बघायला. मेनूकार्ड हातात उभं धरलेलं आणि नजर त्याच्या वरच्या कडेवरून पार पलीकडे. "कोपऱ्यातलं टेबल. एकदम वळू नका." ही त्यांची सलामी. आम्ही अर्थातच सगळे एकदम वळतो.

परवा कोपऱ्यात दोन कुटुंबं बसली होती. पंतांनी सूप यायच्या आत निकाल दिला, "स्थळ." पुरावा मागितला तर तोही तयार होता. मसाला पापड येऊन पडलाय, पण पहिला तुकडा कोणी मोडत नाही. मुलाची आई मुलीला "तुला काय आवडतं गं?" असं लाडानं विचारते आणि उत्तराची वाट न बघता वेटरला पनीर सांगून मोकळी होते. मुलगा पाण्याचा ग्लास आधी मुलीच्या वडिलांकडे सरकवतो, मग मुलीकडे. "जमतंय," पंत पुटपुटले. तेवढ्यात मुलीचा धाकटा भाऊ खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई तर पनीर खातच नाही!" त्यानंतर त्या टेबलावर जी शांतता पसरली, ती पंतांनी सूपाच्या प्रत्येक चमच्याबरोबर चवीनं घेतली. आमचे नान तोवर वातड झाले.

त्या हॉटेलात शनिवारी एक पोरगा की-बोर्ड मांडून गातो, आणि इथे पंतांची पंचाईत होते. कारण अधिकृतरीत्या पंत म्हणजे सवाईचे माणूस. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ तो महोत्सव कसा सुरू केला, पूर्वी रात्र-रात्र मैफली कशा चालायच्या आणि रात्री दहाच्या नियमानं त्याची कशी वाट लागली, हे नवीन ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकावं लागतं. (मंडपात ते नेमके कुठे असतात हे आम्हाला ठाऊक आहे. मागे, खाण्याच्या स्टॉलपाशी, कोण कोणाबरोबर आलंय ते बघत.) किशोरीताई, कुमारजी, मन्सूरअण्णा यांच्याखाली ते उतरत नाहीत. निदान चारचौघांत तरी नाही.

गाडीत मात्र उतरतात. एकदा परत जाताना त्यांनी किल्ली फिरवली आणि आम्ही पट्टे लावतोय तोच फोन आपला आपण गाडीला जोडला गेला. हिमेश रेशमिया सुरू झाला, तोही थेट दुसऱ्या कडव्याच्या मधोमध. म्हणजे येताना जिथे थांबवला होता तिथून पुढे. २००५ साली 'आशिक बनाया आपने' आलं तेव्हा त्या नाकातल्या आवाजावर पंतांनी केलेले विनोद आम्हाला अजून पाठ आहेत. पंतांनी बटणं शोधायला सुरुवात केली. आवाज वाढला, वायपर फिरला, पण हिमेश काही बंद होईना. "मुलीचं असणार," पंत म्हणाले. मुलगी बंगळुरात नोकरीला आहे आणि तिचा फोन तिच्याकडे असतो. यादी आणखी पुढे सरकली तेव्हा तीत दलेर मेहंदी निघाला, बाबा सहगल निघाला, आणि 'मेड इन इंडिया' निघालं. "त्यात तो खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण आपला मराठी मुलगा म्हणून," असा खुलासा पंतांनी लगेच केला. गाणं ऐकताना मिलिंद सोमण दिसत नाही, हे कोणी बोललं नाही. मित्र कशाला म्हणायचं मग!

तेव्हापासून पंतांनी शास्त्राधार तयार ठेवलाय. अल्ताफ राजा लागला की म्हणतात, "अरे, नागपूरचा माणूस, आई-वडील दोघंही कव्वाली गाणारे. ती परंपरा आहे." हिमेशच्या नाकाला ते 'सानुनासिक लगाव' म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की या माणसाला ख्याल आवडतो तो सांगायला, आणि अल्ताफ राजा आवडतो तो आवडतो म्हणून. १९९७ साली एसटी स्टँडावरच्या प्रत्येक टपरीवर ती कॅसेट वाजत होती, तेव्हा पंत दोन गाड्या सोडून तिसरीनं जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, गर्दी होती.

तर परवा त्या पोरानं दोन-तीन गझला म्हटल्या, त्या कोणीही ऐकल्या नाहीत. मग त्यानं हिमेश काढला. पंतांनी चेहरा कारलं खाल्ल्यासारखा केला. पण डावा खांदा त्यांच्या हाताबाहेर गेला होता. तो ठेक्यात वर-खाली होत होता, ओठ गायकाच्या अर्धा शब्द पुढे पळत होते आणि ध्रुपदावर येताना तर पंतांनी चक्क डोळे मिटून, नाक किंचित वर करून मान झटकली. कोपऱ्यातल्या मुलीनं ते पाहिलं. तिनं मुलाला खुणेनं दाखवलं. संध्याकाळभर ताठ बसलेली ती दोघं तोंडावर रुमाल धरून हसायला लागली, आणि मग आपसात बोलायलाही लागली.

पंतांनी डोळे उघडले ते नेमके त्याच वेळी. "बघा, हसतायत दोघं. जमलं! मी सूपाच्या वेळीच म्हटलं होतं की नाही?"

आम्ही मान डोलावली.

मग कोपऱ्यात बिलाची चामडी घडी आली आणि दोन्ही वडील "छे, छे, आज आमच्याकडून" करत ती एकमेकांच्या हातातून ओढू लागले. कोण जिंकतो, कोणाचा हात आधी सैल पडतो, ओढणारा खरंच ओढतोय की नुसता धरून बसलाय, याचं धावतं वर्णन पंत आम्हाला ऐकवत होते. आमचं बिलही तेव्हाच आलं. ते आम्ही भरलं. पंतांचं त्या वेळी नेहमीच दुसऱ्या टेबलाकडे लक्ष असतं.