अर्थ वर, फेज उजवीकडे

कुणाच्या घरी गेलं की काहींची नजर आधी देवघराकडे वळते, काहींची पुस्तकांच्या कपाटाकडे. टेस्टरकाकांची वळते सॉकेटांकडे. नोकरी झाली बँकेत, विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण खिशात पेनाशेजारी टेस्टर कायमचा. शेजारच्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ते खाली वाकले, तेव्हा वहिनींना वाटलं, काका चौरंगाला नमस्कार करताहेत. काका बघत होते चौरंगामागची भिंत.

"वहिनी, हे उलटं बसवलंय."

उलटं म्हणजे थ्री-पिनचं मोठं भोक खाली. काकांचं शास्त्र सुटसुटीत आहे: अर्थ वर, समोरून बघताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. शंका काढणाऱ्याला ते थेट इतिहासात नेतात. आपल्या गोल पिनांचं मूळ १९३४ सालच्या ब्रिटिश मानकात. पुढे १९४७ साली इंग्रजांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं. "पिना बदलल्या, देश सोडला, पण अर्थ वरचा खाली आणला नाही!" हे सांगताना काकांच्या आवाजात इंग्रजांबद्दल जो आदर असतो, तो एरवी कधी नसतो.

सोसायटीत कुणाकडे नवं वायरिंग निघालं की वायरमन आधी विचारतो, "ते काका गावाला गेलेत ना?" एकदा एका पोरगेल्या वायरमनने सुनावलंच, "काका, करंटला काय कळतंय वर-खाली?"

"करंटला कळत नाही, म्हणूनच वायरमनला कळावं लागतं," काका म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. अर्थची पिन लांब का? प्लग आत जाताना ती आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. जाड का? चुकून फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून. आतली झडप उघडावी म्हणून वरच्या भोकात पेनाची रिफिल खुपसून दोन पिनांचा चार्जर दामटणाऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा वायरमनची जेवणाची सुट्टी संपली होती.

मग काका मुलाकडे अमेरिकेला गेले. गाव न्यू जर्सीतलं एडिसन, खुद्द थॉमस एडिसनच्या नावाचं. मेन्लो पार्कची त्याची प्रयोगशाळा इथलीच. काका निघाले ते पंढरीला निघाल्यासारखे. पोचले, आणि मुलाच्या घरातल्या पहिल्याच भिंतीपाशी थबकले. वर दोन उभ्या फटी, खाली अर्थचं भोक. एका खोलीत नाही, घरभर! शिवाय दिवा लावायला बटण वर करायचं.

"एडिसनच्या गावात?" काका म्हणाले.

मुलाने समजूत घातली, की इथे व्होल्टेजही १२०च असतं. काकांना व्होल्टेजशी कर्तव्य नव्हतं. त्यांना नियम हवा होता. मुलाने शोधाशोध करून सांगितलं, की अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत घरातल्या सॉकेटचा अर्थ वर की खाली, याबद्दल सक्तीच नाही. इथले इलेक्ट्रिशियनही त्यावरून भांडतात. अर्थ वर ठेवणारे म्हणतात, प्लग जरा सैल होऊन बाहेर आला आणि वरून धातूचं काही पडलं, तर ते आधी अर्थच्या पिनेवर अडेल. खाली ठेवणारे म्हणतात, आजवर असंच चालत आलंय.

काका रात्रभर तळमळले. "चुकीचा नियम असता तर मी अर्ज केला असता," ते सकाळी म्हणाले. "नियमच नाही, तर अर्ज करू कशाविरुद्ध?"

चार दिवसांनी हॉलमधल्या सोफ्यामागे त्यांना एक सॉकेट सापडलं. अर्थ वर! त्या दिवसापासून काकांचा चहा, पेपर, झोप सगळं त्या सोफ्यावर. "एक तरी कारागीर जाणकार निघाला."

सुनेला राहवलं नाही. "बाबा, ते दारापाशच्या बटणावर चालतं. नेमकं कुठलं ते कळावं म्हणून मुद्दाम उलटं बसवलंय."

काका सोफ्यावरून उठले. घरचे धास्तावले. पण काकांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे नियम आहे!"

"नियम नाही हो बाबा, काही लोकांची पद्धत आहे."

"पद्धत ना? मग होईल नियम," असं म्हणून काकांनी खिशातून पेन काढलं आणि संहिता छापणाऱ्यांचा पत्ता विचारला.