नानांचा हात आणि गल्लीचं तोंड

"अहो कुंदावहिनी, ते कपडे राहू द्या घटकाभर. ऐकलंत का? नानांना म्हणे फिटच्या गोळ्या सुरू केल्यात!"

"फिट कुठली, सुमनताई? पावसाळ्याआधी झटका आला होता ना, त्याचंच हे. चालतायत, बोलतायत, पण डाव्या हाताची नुसती आग आग होते म्हणतात."

"तेच तर! हात दिसायला धडधाकट. परवा प्रसाद ठेवला हातावर, तर निखारा पडल्यासारखा हात झटकला. शिरा सगळा फरशीवर! सूनबाई म्हणते, नाटकं आहेत. दोन वेळा चापून जेवतात, झोपतात, मग दुखतंय कुठे?"

"नाटकं नाहीत हो. आमची पुतणी न्यूरोला शिकते, तिनं रिपोर्ट पाहिला. हाताला काही झालेलंच नाही. बिघाड मेंदूच्या पार मधोमध आहे, उजव्या थॅलॅमसमध्ये. डावा-उजवा असे दोन असतात, अंड्याच्या आकाराचे, लांबीला जेमतेम ३ सेंटिमीटर."

"एवढ्याशा गोळ्याचा एवढा रुबाब?"

"जुन्या वाड्यातल्या सासूबाईच समजा. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हाताला लागलं, सगळे निरोप आधी त्यांच्याकडे. माडीवर काय पोचवायचं ते त्या ठरवणार. आपण झोपलो की बरेचसे निरोप दारातच अडवतात. वास तेवढा परसदारानं परस्पर वर जातो."

"आणि नानांचं काय बिनसलं?"

"तिथली बारीकशी रक्तवाहिनी तुंबली. उजवीकडे बिघाड, म्हणून त्रास डाव्या अंगाला. आधी हात बधिर होता. बधिरपणा कमी झाला तशी आग सुरू झाली. आता शर्टाची बाही घासली तरी भाजतं, पंख्याचा वारा लागला तरी भाजतं. पॅरिसच्या देजेरिन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ मध्येच हे दुखणं लिहून ठेवलंय."

"मग जेवण-झोप कशी शाबूत?"

"त्याचं खातं वेगळं. थॅलॅमसच्या खाली हायपोथॅलॅमस असतो. वजन चारेक ग्रॅम, पण तहान, भूक, अंगाचं तापमान त्याच्या ताब्यात. मागे पिनियल ग्रंथी, ती रात्री मेलॅटोनिन सोडते. या सगळ्या भागाला मिळून डायएनसेफॅलॉन म्हणतात. नानांचं बाकीचं ठीक आहे, म्हणून तर ढोंग वाटतं!"

"आणि त्या गोळ्या?"

"साध्या दुखण्याच्या गोळीनं ही आग सहसा भागत नाही. मेंदूतल्या चाळवलेल्या पेशी शांत करायला फिटच्या, कधी नैराश्यावरच्या गोळ्या देतात. त्याचा अर्थ फिट येते असा नाही."

"अगंबाई! सूनबाईला सांगायला हवं. पण मी सांगायला गेले तर म्हणेल, शेजारीण नाक खुपसते."

"मग मालूताईंना सांगा. आणि वर बजावा, कुणाला बोलू नका म्हणून. दिवेलागणीच्या आत सूनबाईपर्यंत पोचलं नाही तर नाव बदलेन!"