ग्लास म्हणजे ग्लास

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या काकूंचा नातू यंदा पहिलीत गेला. मराठी शाळेतच, पण २००० सालापासून आपल्याकडे तिथेही पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्ही पाचवीत जाईपर्यंत एबीसीडीचं तोंड पाहिलं नव्हतं. नातवापुढे हार जायला नको म्हणून काकू मला म्हणाल्या, "सर, तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. मला रोज एक शब्द सांगा. साधा बघून."

साधा म्हणून मी ग्लास घेतला. "ग्लास म्हणजे काच."

काकूंनी हाताचं पीठ झटकलं, मांडणीवरचा स्टीलचा ग्लास उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हॉटेल. "जिथे मुक्काम करतात ते," मी म्हटलं.

"स्टँडसमोरच्या हॉटेलात मी बारा वर्षं मिसळीच्या ताटल्या घासल्या. तिथे झोपलेलं कुणी पाहिलं नाही. मालक सोडून."

मग त्यांनीच बातमी दिली, "पुतणी यंदा पास आउट झाली." माझ्यातला मास्तर गप्प बसतो थोडाच! साहेबाच्या देशात पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपून पडणं, हे मी सांगून टाकलं.

"तसे तिचे वडील झाले होते," काकू म्हणाल्या. "फी ऐकून."

आता मोठी तोफ काढणं भाग होतं. ऑक्सफर्डचा थोरला कोश, १९८९ची आवृत्ती, २० खंड, आणि त्यात एकट्या 'सेट'चे ४००हून जास्त अर्थ! काकूंनी पोळी उलटली. "दही सेट होतं. कपांचा सेट असतो. आणि आमचा भाचा पुण्यात सेट झाला. हे सगळं आहे का त्यात?" वीस खंड माझ्या घरात नाहीत, त्यामुळे शपथेवर सांगत नाही, पण भाचा तिथे सापडणं कठीण.

शेवटी मी अगदी बिनधोक शब्द निवडला. लाइट. "लाइट म्हणजे उजेड. ह्यात काही शंका?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला. मिक्सरमधली चटणी अर्धीच राहिली.

"काय झालं हो?" मी सवयीने विचारलं.

"लाइट गेली," काकू म्हणाल्या.

दुपारचे बारा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि घरात लाइट नव्हती.